सही करायच्या आधी विचारा : रोजच्या जगण्यात देवाचं मार्गदर्शन कसं घ्यायचं

मी दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिल्याच्या कागदावर सही केली तेव्हा प्रार्थना केली नव्हती. प्रार्थना केली ती घरी आल्यावर रात्री, आणि ती पण अशी की प्रभू आता सही झालीय तर तूच सांभाळ. माणूस नात्यातला, उपासनेला आमच्या मागच्या बाकावर बसणारा, डोळ्यात पाणी आणून म्हणाला दादा फक्त सही पाहिजे पैसे मीच भरणार, आणि मला वाटलं प्रीती करा म्हणतात ती हीच की. त्यानं आठ हप्ते भरले आणि थांबला, मग पतसंस्थेची नोटीस माझ्या दुकानावर आली आणि पुढची तीन वर्षं ते हप्ते मी भरले. बायको एक शब्द बोलली नाही पण दोन नाताळ घरात नवीन कपडा आला नाही हे मला अजून आठवतं.

हे सगळं का सांगतोय तर देवाचं मार्गदर्शन म्हटलं की लोकांना वाटतं स्वप्न पडलं पाहिजे, दृष्टान्त झाला पाहिजे, कुणीतरी भविष्यवाणी केली पाहिजे. माझा अनुभव वेगळा आहे. आपलं बहुतेक नुकसान देव बोलत नाही म्हणून होत नाही, आपण विचारतच नाही म्हणून होतं, किंवा आधी ठरवतो आणि मग देवाकडे नुसता शिक्का मारून घ्यायला जातो. मी पाळक नाही, बायबल कॉलेजला गेलो नाही, घर मिरजेत आणि दुकान सांगलीत, मोटर रिवाइंडिंगचं काम करतो, तीस वर्षं झाली. पण मंडळीतली तरुण पोरं आता नोकरी, लग्न, कर्ज असल्या गोष्टी घेऊन माझ्याकडे येतात म्हणून मी जसं करतो तसं लिहून काढतोय.

बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकाचा ९ वा अध्याय आधी वाचा, अर्ध्या तासाच्या आत होतो. गिबोनचे लोक जवळच राहणारे पण लांबून आलोय असं भासवायला फाटकी कपडे, ठिगळं लावलेले जोडे, जुन्या पखाली आणि बुरशी आलेल्या भाकरी घेऊन आले. इस्राएल लोकांनी काय केलं तर त्यांच्या शिदोरीतलं घेऊन बघितलं, आणि परमेश्वराला विचारलंच नाही, असं तिथं सरळ लिहिलंय. करार झाला, शपथ झाली, आणि तीन दिवसांनी कळलं की हे तर शेजारचेच. म्हणजे त्यांनी चौकशी केली नाही असं नाही बरं का, पुरावा तपासला, भाकरी हातात घेऊन बघितली, पण भाकरीला विचारलं आणि देवाला राहिलं. मी पण त्या माणसाची पगाराची स्लिप बघितली होती.

आता करायचं कसं ते सांगतो.

सगळ्यात आधी हे बघायचं की ही गोष्ट विचारायची आहे का आधीच सांगितलेली आहे. बऱ्याच गोष्टींचं उत्तर लिहून ठेवलेलं असतं आणि आपण उगाच उपवास धरून बसतो. माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. शेतकरी जळालेली मोटर आणून टाकतो, आत तार तांब्याची भरली काय आणि ॲल्युमिनियमची भरली काय, वरनं वार्निश मारून बॉडी बंद केली की त्याला दिसत नाही. तांब्याचे पैसे घेऊन ॲल्युमिनियम भरायचं का नाही यासाठी मला देवाची इच्छा शोधत बसायची गरज नाही, खोटं वजन आणि खोटा तराजू देवाला चालत नाही हे नीतिसूत्रांत किती वेळा आलंय. जामिनाचं पण तसंच, नीतिसूत्रे ६, ११, १७, २२ या अध्यायांत जामीन राहण्याबद्दल इतकं स्पष्ट लिहिलंय की २२ व्या अध्यायात तर म्हटलंय, द्यायला नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण कोणी का न्यावं. मी ते लहानपणापासून वाचत आलोय, संडे स्कूलला पाठ पण केलंय, पण त्या दिवशी दुकानात उभं राहून ते आठवलं नाही कारण मी थांबलोच नाही. म्हणून वचन रोज वाचायचं ते पुण्य लागावं म्हणून नाही, वेळेला आठवावं म्हणून. स्तोत्र ११९ मध्ये वचनाला पावलांसाठीचा दिवा म्हटलंय, आणि दिवा हातात धरला की पुढची दोन पावलं दिसतात, आख्खा रस्ता दिसत नाही, तेवढं पुरतं.

दुसरं, जागा आणि वेळ ठरवा. माझी वेळ सकाळी दुकानात, शटर अर्धं वर केलेलं असतं म्हणजे गिऱ्हाईक आत येत नाही, वीस मिनिटं. वाइंडिंग करताना आम्ही टर्न मोजतो, एका कॉइलला किती वेढे ते ठरलेलं असतं, आणि मोजताना फोन उचलला की आकडा चुकतो, मग सगळं उलगडून परत पहिल्यापासनं. प्रार्थनेचं पण तसंच आहे, फोन शेजारी ठेवून देवाचं ऐकता येत नाही, मी प्रयत्न करून बघितलाय. फोन गल्ल्यात ठेवा.

तिसरं म्हणजे प्रश्न लिहून काढा. हे मला एका मावशींनी शिकवलं, आमच्या मंडळीतल्या, विधवा, मिशन हॉस्पिटलात आयुष्यभर आया म्हणून काम केलं, शिक्षण चौथी. त्यांच्याकडे एक वही होती किराणा दुकानात मिळते तसली, त्यात डाव्या बाजूला काय विचारलं आणि उजव्या बाजूला काय झालं, तारखेसकट. मी म्हटलं मावशी देवाला सगळं माहीत असतं लिहायचं कशाला, तर म्हणाल्या देवाला माहीत असतं रे, तुला माहीत असतं का तू काय मागितलंस ते. खरंच लिहायला बसलं की कळतं की आपला प्रश्नच धड नाही. "प्रभू मला आशीर्वाद दे" हा प्रश्न नाही. "कुपवाडच्या कारखान्याचं मेंटेनन्सचं काम वर्षभरासाठी घेऊ का, रविवारची सकाळ त्यात जाणार आहे" हा प्रश्न आहे, आणि असा लिहिला की अर्धं उत्तर तिथंच दिसतं. याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात म्हटलंय, ज्ञान कमी पडत असेल तर देवाजवळ माग, तो दोष न लावता देतो. दोष न लावता हे दोन-तीनदा वाचा. मला वाटायचं इतक्या बारीक गोष्टी काय विचारायच्या, पण तो कंटाळत नाही.

विचारताना मनातलं खरं सांगून टाका. मला हे पाहिजेच आहे, तू नाही म्हणालास तर मला राग येईल, असं सुद्धा सांगा. स्तोत्रं लिहिणाऱ्यांनी यापेक्षा कडक बोललंय.

मग ऐकायचं कुठनं? इथं लोक सगळ्यात जास्त गोंधळतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वचनातनं, पण बायबल डोळे मिटून उघडायचं आणि बोट ठेवायचं असं नाही. क्रमानं वाचत जा, आज जिथं आहात तिथनं पुढं, आणि मग बघा, त्या आठवड्यातला प्रश्न आणि त्या आठवड्यातलं वाचन कसं एकमेकांना भेटतं ते. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आपण वचनाची चिठ्ठी उचलतो ती मला फार प्रिय आहे, माझ्या पाकिटात असते वर्षभर, पण ती धीर धरायला आहे, तिच्यावर प्लॉट घ्यायचा का नाही ते ठरवू नका. व्हॉट्सॲपवर येतं "आज देव तुला सांगतो की तुझा शत्रू पडणार" ते तर हजार जणांना गेलेलं असतं.

माणसांतनं. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये बघा, पौलाला आशिया प्रांतात वचन सांगायला मनाई झाली, बिथुनियाला जाऊ दिलं नाही, मग त्रोवसात रात्री मासेदोनियातला माणूस दिसला, आणि तरी पुढचं वाक्य "आम्ही" असं आहे, आम्ही अनुमान केलं की देवानं बोलावलंय. दृष्टान्त एकट्याला झाला पण ठरवलं सगळ्यांनी मिळून. पौलासारखा माणूस जर सोबत्यांबरोबर ठरवतो तर आपण कोण. दोन माणसं धरा, एक वयानं मोठं आणि एक असं की ज्याला तुमच्या निर्णयातनं फायदा पण नाही आणि तोटा पण नाही. रहबाम राजानं वडीलधाऱ्यांना विचारलं आणि मग आपल्याला पाहिजे ते बोलणाऱ्या पोरांकडे गेला, राज्य फुटलं. लग्न झालेलं असेल तर तिसरं माणूस घरातच आहे, बायको किंवा नवरा, आणि त्यांच्या मनात खटकत असेल तर थांबा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी, मधे त्या घरानं ताटातुटीचं दुःख किती सोसलं ते महाराष्ट्राला माहीत आहे, पण त्या आल्या त्या स्वतःच्या पायांनी आल्या. घरातल्या माणसाला ओढून मार्गदर्शन पटवून देता येत नाही.

मनाच्या शांतीतनं, हो, पण हिच्यावर एकटीवर भरवसा ठेवू नका. फिलिप्पैकरांच्या पत्रात शांती अंतःकरण राखील असं आहे आणि मी ते अनुभवलंय. पण योना संदेष्टा पण शांत झोपला होता हे विसरू नका. देवानं सांगितलं निनवेला जा, तो याफोला गेला, तिथं बरोबर तार्शीशला जाणारं जहाज तयार, भाड्याला पैसे पण होते, आणि जहाजाच्या तळाशी जाऊन गाढ झोपला. दार उघडं, पैसे हजर, मन शांत, आणि दिशा पार उलटी! म्हणून "दार उघडलं म्हणजे देवाचीच इच्छा" असं कोणी म्हटलं की मी विचारतो, आधी देवानं काय सांगितलं होतं?

आणि गिदोनासारखी लोकर अंगणात टाकून चिन्ह मागायचं का, हे हमखास विचारतात. गिदोनाला देवानं शत्रूशी लढायला जा असं आधीच स्पष्ट सांगितलं होतं, त्याची भीती जात नव्हती म्हणून त्यानं लोकर टाकली, एकदा ती ओली मागितली एकदा कोरडी, आणि देवानं त्याच्या भीतीला सांभाळून घेतलं. तुम्ही पण घाबरला असाल तर देव सांभाळून घेईल, पण उद्या सकाळी पहिला फोन आला तर होय नाही आला तर नाही, असलं काही देवावर लादू नका.

आता माझ्या मुलीचं सांगतो म्हणजे हे सगळं एकत्र कसं चालतं ते कळेल. तिचं नर्सिंगचं जीएनएम झालं आणि बाहेरगावच्या एका खाजगी हॉस्पिटलचा फोन आला, पगार चांगला, राहायला होस्टेल, आठवड्यात जॉइन व्हा. घरात सगळे खूश, मी तर मनातनं मंडळीत पेढे वाटून मोकळा झालो होतो. मुलगीच म्हणाली पप्पा वहीत लिहूया. लिहिलं. डावीकडे तिच्या अक्षरात, "प्रभू, ही नोकरी घेऊ का? मला पाहिजे आहे. भीती पण वाटते. शनिवारपर्यंत कळवायचं आहे." मावशींकडे गेलो, त्यांनी नोकरी चांगली का वाईट काहीच सांगितलं नाही, एवढंच विचारलं की कागदावर काय काय लिहून घेतायत ते बघितलं का. मग फोन करून विचारलं तेव्हा कळलं की मूळ सर्टिफिकेटं जमा करायची आणि दोन वर्षांचा बाँड, मधे सोडलं तर पैसे भरायचे. आम्ही म्हटलं हे लेखी पाठवा, ते म्हणाले आल्यावर बघू. त्या आठवड्यात तिचं वाचन नीतिसूत्रांतच चालू होतं, त्यात आलं की शहाणा अरिष्ट येताना बघून लपतो आणि भोळे पुढं जाऊन नुकसान सोसतात. शुक्रवारी रात्री आम्ही चौघं जमिनीवर बसून प्रार्थना केली, आणि ती म्हणाली नाही म्हणून कळवते. आवाज नाही, प्रकाश नाही, एक फोन आणि एक वचन आणि एका म्हातारीचा प्रश्न. रडली मात्र खूप.

आणि नंतर लगेच दुसरी नोकरी मिळाली असं झालं नाही. सात महिने घरी होती. नातेवाईक म्हणायचे हातची नोकरी घालवली, आणि मला पण दोन-तीनदा वाटलं की चुकलं का काय आपलं. हा वाट बघायचा काळ सगळ्यात अवघड असतो, उत्तर ऐकण्यापेक्षा अवघड.

माझी निम्मी गिऱ्हाइकं तासगावकडची द्राक्षबागायतदार. एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात, बाग पार बोडकी दिसते, आणि त्या छाटणीला द्राक्ष येत नाही. द्राक्षाची छाटणी ऑक्टोबरची. पण एका बागायतदारानं मला काडीवरचा डोळा दाखवून सांगितलं होतं की घड धरायचा का नाही हे ऑक्टोबरला ठरत नाही, ते एप्रिलच्या छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांतच या डोळ्याच्या आत ठरून जातं, वरनं बघून काय कळत नाही, त्या दिवसांत वेलीला जपायचं. योहान १५ मध्ये प्रभू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि पित्याला माळी, आणि माझ्यात राहा म्हणतो. ते सात महिने मुलगी संडे स्कूल शिकवायला लागली, आजीच्या पायाची जखम रोज स्वतः ड्रेसिंग करून बरी केली, आणि वाचन सोडलं नाही. आता ती नोकरीला आहे, बाँड नाही, रविवारी सकाळी सुट्टी मिळते असं नाही पण संध्याकाळच्या उपासनेला जाते.

वाट बघताना काय करायचं तर शेवटचं जे सांगितलेलं असतं ते करत राहायचं. नवीन काही कळलं नाही म्हणजे जुनं रद्द झालं नाही. आणि थकलेले असाल तर आधी झोपा आणि जेवा, हे मी मस्करीत म्हणत नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवाच्या दूतानं त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं, दोनदा, आणि झोपू दिलं. देवाची मंद वाणी त्याच्या नंतर आली, चाळीस दिवस चालल्यावर. रात्री अकराला, भांडण झाल्यावर, हिशोब जुळत नसताना कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका.

अजून एक, आणि हे मला फार महागात शिकायला लागलं. मागच्या वेळचं उत्तर या वेळी वापरायचं नाही. २ शमुवेल ५ मध्ये पलिष्टी रेफाईमाच्या खोऱ्यात आले, दाविदानं विचारलं, देव म्हणाला जा, जिंकला. तेच पलिष्टी परत त्याच खोऱ्यात आले. तुम्ही-आम्ही असतो तर परत विचारलं नसतं, काल तर सांगितलंय. दाविदानं विचारलं, आणि देव म्हणाला या वेळी समोरनं जाऊ नको, वळसा घालून मागनं जा आणि झाडांच्या शेंड्यांतनं चालल्याचा आवाज आला की मग नीघ.

सांगलीकरांना हे वेगळं समजावायला नको. पावसाळ्यात आपण सगळेच एकमेकांना विचारतो आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती झालं, ४० फुटांला इशारा, ४५ ला धोका, कोयना धरणातनं किती सोडलं. २००५ च्या पुराला माझ्या दुकानाच्या पायरीला पाणी लागलं नव्हतं. म्हणून २०१९ ला शेजारी सामान हलवत होते तेव्हा मी म्हटलं २००५ ला नाही आलं आता काय येतंय, आणि त्या सकाळी बायको म्हणाली होती की मला बरं वाटत नाही हो, मोटारी वर घ्या. मी तिचं पण ऐकलं नाही आणि विचारलं पण नाही. २०१९ चं पाणी २००५ च्या वर गेलं. लोकांच्या एकवीस मोटारी माझ्या दुकानात पाण्याखाली गेल्या, त्यातल्या काही नुकत्या भरून तयार होत्या. चिखल काढताना कॉइलमध्ये बोट घातलं की गाळ यायचा. त्या सगळ्या मी परत भरून दिल्या, पैसे न घेता, कारण विश्वासानं ठेवलेल्या होत्या.

चुकलं तर काय, हे पण लिहितो कारण बरेच जण चुकायच्या भीतीनं काहीच ठरवत नाहीत. जामिनाच्या गोष्टीनंतर मला वाटायचं आपण देवाच्या इच्छेबाहेर पडलो, आता आशीर्वाद नाही. पण नीतिसूत्रांच्या ६ व्या अध्यायात जामीन अडकलेल्याला काय सांगितलंय बघा, जा, नम्र हो, झोप घेऊ नको, स्वतःला सोडव. म्हणजे चुकलेल्यासाठी पण पुढचं पाऊल लिहून ठेवलंय. मी पतसंस्थेत जाऊन हात जोडून हप्ते लहान करून घेतले. त्या नातेवाइकाशी बोलणं बंद होतं ते चालू करायला मात्र जास्त वेळ लागला, एकदा प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर हातात यायच्या आधी मला उठून त्याच्या बाकापाशी जावंच लागलं. त्यानं पैसे दिले नाहीत, अजूनही नाहीत. बोलतो आम्ही. आणि यहोशवाच्या लोकांनी पण फसवून घेतलेला करार मोडला नाही, शपथ पाळली, ते पण वाचा.

आणि मार्गदर्शन बरोबर असलं म्हणजे सगळं सुरळीत जाणार असंही धरून चालू नका. पौल मासेदोनियाला गेला आणि फिलिप्पैत फटके खाऊन तुरुंगात पडला, तिथंच मध्यरात्री गाणी म्हटली.

माझ्या वहीत सध्या एक पान डावीकडे भरलेलं आणि उजवीकडे कोरं आहे. दुकान सांगलीतनं मिरजेला हलवू का, गिऱ्हाईक तुटेल, भाडं जास्त आहे, पण पाण्याची भीती जाईल. तीन महिने झाले विचारतोय, बायको विचारतेय, मावशी आता बिछान्यावर आहेत पण त्यांना पण सांगून ठेवलंय. अजून काही कळलेलं नाही. खालच्या फळीवरच्या मोटारी पावसाच्या आधी माळ्यावर घ्यायच्या एवढं कळलंय, म्हणून आज संध्याकाळी पोराला दुकानात बोलावलंय, दोघं मिळून चढवणार.